सप्ताह, दूधभात आणि सायंदेवाची भीती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती जवळ आली. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधीचे सात दिवस काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत आपल्या कितीतरी घरांत चौरंग मांडले जातील, पोथी निघेल, अखंड दिवा लागेल. दरवर्षी या सुमारास आम्ही ग्रुपवर सप्ताहाचे नियम टाकतो. आसन, सोवळे, ब्रह्मचर्य, हविष्यान्न. यंदाही टाकणार आहोत. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. खरे तर ती मागच्या वर्षीच सांगायला हवी होती, पण आमचा धीर झाला नाही.

मागच्या दत्तजयंतीच्या महिनाभर आधी आम्हीच एक संदेश पुढे पाठवला होता. मेथी, वाळवलेले कारले, जांभळाच्या बियांची पूड, आणखी दोन-तीन पाल्यांची नावे. सकाळी अनशापोटी काढा घ्या, एकवीस दिवसांत शुगर मुळापासून जाते, गोळ्या कायमच्या सुटतात. खाली जोडलेले हात आणि 'पुण्य मिळवा, दहा जणांना पाठवा'. आम्ही दहा जणांना नाही, सगळ्याच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. पूर्ण वाचला होता का? खरे सांगतो, अर्धाच. सकाळची घाई, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि मेथी-कारल्याने कुणाचे काय वाईट होणार, असे वाटले.

आपले एक गुरुबंधू, वय बासष्ट. बारा वर्षांची शुगर, दोन प्रकारच्या गोळ्या चालू. काकू आमच्याच सेवेत आहेत, महाप्रसादाच्या दिवशी पहाटे चारला भाजी चिरायला सगळ्यांत आधी त्याच येतात. काकांनी तो संदेश वाचला आणि गोळ्या बंद केल्या. कारण काय, तर केंद्राच्या ग्रुपवर आले म्हणजे ते गुरूंकडूनच आले. डॉक्टरांना सांगितले नाही, मुलाला सांगितले नाही. मग सप्ताह सुरू झाला. पोथीच्या सुरुवातीला छापलेल्या नियमाप्रमाणे हविष्यान्न, म्हणजे दूधभात आणि वर साखर. सकाळी काढा. चौथ्या दिवसापासून सारखी तहान, रात्रीत पाच-सहा वेळा उठणे. पारायण म्हणजे तप, तपात त्रास व्हायचाच, असे म्हणून ते बसून राहिले. सहाव्या दिवशी तीच ओवी पुन्हा पुन्हा वाचू लागले. काकूंना वाटले, भाव लागला. मुलाला तसे वाटले नाही. त्याने बोटाला सुई टोचून मीटर लावला, तर आकडा आलाच नाही, नुसते 'हाय' आले. म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्या पलीकडे साखर गेली होती.

चार दिवस आयसीयू, शिरेतून सलाइन आणि इन्शुलिन. डॉक्टरांनी समजावून सांगितले की साखर इतकी वाढली की लघवीवाटे पाणी निघून जाते, शरीर कोरडे पडते आणि मेंदूवर गुंगी येते. अजून काही तास गेले असते तर, असे म्हणून ते थांबले. गुरुकृपेने काका घरी आले.

पंधरा दिवसांनी काकू केंद्रात आल्या. रागावल्या नाहीत. फोन काढून तो संदेश दाखवला आणि इतकेच विचारले, "ताई, हे तुम्हीच पाठवलं होतं ना?"

आजचे हे लिखाण त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून समजा.

काकांचे म्हणणे वेगळेच होते. ते दवाखान्यातच म्हणाले, "गुरुचरित्रात पोटशूळाच्या ब्राह्मणाला महाराजांनी पोटभर जेवायला घातलं. त्याला काही झालं नाही. मग मला देवाच्या दूधभातानं काय होणार होतं?" मंडळी, हसू नका. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात हेच असते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा वाटीत घेताना आपण सगळेच तो ब्राह्मण होतो. म्हणून आम्ही घरी जाऊन तेरावा अध्याय पुन्हा काढला. या वेळी पारायणाच्या गतीने नाही, सावकाश वाचला.

प्रसंग आपल्या इकडचाच. गोदावरीकाठचे वासर ब्रह्मेश्वर म्हणजे आपले बासर, असे मानतात. तेच बासर, जिथे आपण मुलांना पाटी-पेन्सिल देऊन सरस्वतीपुढे बसवतो. तिथे एक ब्राह्मण जीव द्यायला नदीकडे निघाला आहे. अन्न पोटात गेले की असह्य कळ उठते, म्हणून तो दिवसच्या दिवस उपाशी राहतो. श्रीनृसिंहसरस्वती शिष्यांना पाठवून त्याला परत आणवतात. आणि काय करतात? आधी विचारतात. तुला काय होते, कधी होते, जीव का देतोस? तो सांगतो, ते ऐकून घेतात. मगच उपाय. आमच्या त्या संदेशाने कुणाला काय विचारले होते? वय? किती वर्षांची शुगर? कोणत्या गोळ्या? मूत्रपिंड कसे आहे? काही नाही. सगळ्यांना एकच काढा.

आणि उपाय तरी काय, तर जेवण. पण जेवण कुणाला? जो उपाशी मरत होता त्याला. आपली गोष्ट बरोबर उलटी आहे. आपला आजार खाण्यातून आला, आणि आपण त्याच्यावर त्या ब्राह्मणाचे औषध मागतो.

पुढे सायंदेव येतो. गावचा अधिकारी, गुरूंना भिक्षेला बोलावणारा. गुरू त्याला सांगतात, याही ब्राह्मणाला घरी ने आणि पोटभर वाढ. तेव्हा सायंदेव घाबरतो. जेवला तर याचा प्राण जाईल आणि ब्रह्महत्या माझ्या माथी येईल, अशी त्याला भीती वाटते आणि तो ती बोलून दाखवतो. इतकी वर्षे आम्ही हा भाग भरभर वाचून पुढे जायचो. बिचाऱ्याची श्रद्धा कमी पडली, असेच वाटायचे. आता तसे वाटत नाही. ज्याच्या हातून दुसऱ्याच्या पोटात काहीतरी जाणार आहे, त्याला भीती वाटलीच पाहिजे. गुरूंनीही त्याला त्याबद्दल रागे भरले नाही. औषध आम्ही दिले आहे, तू वाढ, असा जबाबदारीचा भार त्यांनी स्वतःवर घेतला. आणि स्वतः त्याच घरी भिक्षेला गेले. रोगी समोर, गुरू समोर, मग पान वाढले गेले.

पुढे याच सायंदेवाच्या वंशात गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर झाले. घाबरून प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात पोथी जन्मली, हे आमच्या फार मनाला लागले. आम्ही मात्र सायंदेव झालो ते भीती वगळून. रोगी दिसत नव्हता, औषध कुणी दिले ते माहीत नव्हते, आणि बोटाच्या एका टोकाने शेकडो घरी वाढून मोकळ्या झालो.

आता हविष्यान्नाबद्दल. पोथीतला नियम खोटा नाही. मीठ, तिखट, आंबट वर्ज्य, गूळ नको पण साखर चालते, गव्हाची पोळी आणि तूप चालते. निरोगी माणसाला सात दिवस जिभेचे लाड थांबवायला हा नियम आहे. पण शुगरवाल्या माणसासाठी दूधभात-साखर म्हणजे पचून लगेच रक्तात उतरणारे पिष्ट, त्यावर साखर, आणि चोथा जवळजवळ नाही. ज्या धर्मशास्त्राने नियम दिले त्यानेच आठ गोष्टी अशा सांगितल्या की ज्यांनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आठवी गोष्ट औषध. गोळी घेतली म्हणून पारायण बाटत नाही, आणि पथ्याचे जेवण हेही औषधच. त्यामुळे शुगर, बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी सप्ताहात आपले रोजचे पथ्याचे जेवणच घ्यावे, फक्त कांदा-लसूण वगळून. केंद्रातल्या ज्येष्ठांशी बोलून हे ठरले आहे. कुणी नाव ठेवले तर आमच्याकडे पाठवा.

मग काय, काढे-चूर्णे सगळी फेकून द्यायची? नाही हो. आमचे आयुष्य मेथी-ओवा-हिंगात गेले, आम्ही कशा फेकू. मेथीचेच पाहा. १९९० साली आपल्याच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या, म्हणजे तारनाक्याच्या त्या संस्थेतल्या, संशोधकांनी मेथीचा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या रुग्णांना जेवणातून मेथी दिली आणि साखर उतरली. फॉरवर्डमध्ये इतकेच येते. जे येत नाही ते असे, की मेथीदाण्यातली स्निग्धता काढून केलेले पीठ होते आणि ते रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत वाटून दिलेले. आपण रात्री भिजवतो तो एक चमचा! आणि ते रुग्ण इन्शुलिनवरचे होते, मेथी आली म्हणून त्यांची सुई सुटली नव्हती. मेथीतला चिकट चोथा पिष्ट पचायचा वेग कमी करतो, तिचा गुण तो. म्हणून मेथी जेवणात असू द्या. मेथीचे थालीपीठ करा, वरणात पाला घाला. ती ताटात शोभते, गोळीच्या जागी नाही. कारल्याचेही तसेच. भाजी आनंदाने खा. पण गोळी चालू असताना वर रोज पेलाभर रस प्यायला तर साखर एकदम खाली यायची भीती असते, तेव्हा डॉक्टरांना सांगूनच.

'नैसर्गिक' या शब्दावर आपला फार जीव. गोळी म्हणजे केमिकल, पाला म्हणजे निसर्ग. आमच्या एका भाच्याने, तो फार्मसी शिकतो, आम्हाला गप्प केले. मेटफॉर्मिन ही घराघरातली शुगरची गोळी मुळात एका झुडपाच्या वाटेने आली. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती जुने वैद्य वापरत. तिच्यातल्या द्रव्याचा अभ्यास होत होत हे औषध घडले आणि १९५७ साली एका फ्रेंच डॉक्टरांनी माणसांवरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला. म्हणजे तीही पाल्याचीच नात. फरक इतकाच की तिचे माप ठरलेले आहे, काय बिघडू शकते ते माहीत आहे. होय, बिघडतेही. ही गोळी वर्षानुवर्षे घेतली तर काहींचे बी-१२ कमी होते, आणि आपण शाकाहारी, आपले आधीच काठावर. हातापायाला मुंग्या येत असतील तर ती तपासणी करून घ्या. गोळी बंद करू नका, विचारा.

आणि ज्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेले असते पण आत काय ते लिहिलेले नसते, अशी पुडी घेऊ नका. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा तो कायदा, त्याच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. आमच्या त्या संदेशाने कायदाही मोडला असेल, कोण जाणे. पुण्य तर नक्कीच मिळाले नाही.

एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय कसा होतो, त्याचे एक उदाहरण देतो. नारळपाणी. देवाचे पाणी, त्याहून सात्त्विक काय? पण मूत्रपिंड अधू झालेल्या माणसाला त्यातले पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि ते वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो. उन्हाळ्यात आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो ना, आधी विचारून न्या.

रोजच्या ताटाचे फार सांगत नाही, आपल्या आज्या ते जाणत होत्या. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि आपण एकाच राज्यात होतो. नांदेड-परभणीकडून आलेल्या आपल्या घरांतून ज्वारीच होती. इथे येऊन आपण तिन्ही त्रिकाळ पांढऱ्या भातावर आलो. आता संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बाई चुलीवर जोन्न रोट्टे भाजते, तिच्याकडे गाडी थांबवून घेतो आणि मोठा शोध लावल्यासारखे सांगतो! घ्या जरूर. मात्र भाकरीतही पिष्टच असते, तीन खाल्ल्या तर हिशेब तोच. एक भाकरी, वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी, आणि भात हवाच असेल तर शेवटी दोन घास. आधी भाजी-उसळ, मग भाकरी-भात, असा क्रम लावला तरी साखर कमी उसळते. जेवल्यावर पंधरा मिनिटे चाला. गूळ आणि मध यांना साखरेपेक्षा पवित्र मानू नका, रक्ताला सोवळे-ओवळे कळत नाही. आणि प्रसाद. काकांचे डॉक्टर म्हणाले, चिमूटभर घ्या. चिमूटभर शिऱ्यात सव्वा किलोच्या कढईचा सगळा आशीर्वाद असतो असे आम्ही मानतो. वाढणाऱ्या भगिनींना हात जोडून विनंती, कुणी "इतकाच" म्हटले तर "असं कसं, घ्या की अजून" म्हणायची आपली सवय यंदा सोडू या. आम्हीच त्यात पुढे असतो.

सप्ताहात एकादशी येते, त्या दिवशीचे विशेष लक्षात ठेवा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आणि दुसऱ्या बाजूने, शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर घसरते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, एकदम भूक, चिडचिड, बोलणे असंबद्ध होणे. असे दिसले की त्याच क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या वेळी साखर हेच औषध, एकादशी असो की शिवरात्र. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

जयंतीनंतर गाणगापूरला जाणाऱ्यांसाठी एक. ज्यांच्या तळपायाला संवेदना कमी आहे त्यांनी दुपारच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नयेत. चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. पहाटे घाला, मोजे घाला. संगमावर जाल तेव्हा चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. कोड झालेला तो ब्राह्मण. गुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि सांगितले, हे रोव आणि रोज त्रिकाळ पाणी घाल. लोक हसले. वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते? तो पाणी घालत राहिला. पालवी शेवटी गुरूंच्या कमंडलूतल्या पाण्याने फुटली, ती कधी फुटायची हे त्याच्या हाती नव्हते. त्याच्या हाती तीन वेळचे पाणी होते. काकांच्या घरी फ्रीजला आता एक कागद चिकटवला आहे. सकाळ-दुपार-रात्र असे तीन रकाने आणि गोळी, चालणे, मीटर यांच्यापुढे खुणा. काकू त्याला 'त्रिकाळ पाणी' म्हणतात.

मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या औषधासाठी लागणाऱ्या रांगा आपण दरवर्षी पाहतो. वर्षानुवर्षे धाप लागलेला माणूस आशेने कुठेही उभा राहील. आजारी माणसाची ही आशा आपल्या हातात असते, म्हणून आम्ही सेवेकरी भगिनींनी आमच्यापुरते ठरवले आहे. औषधाचा कोणताही संदेश यापुढे केंद्राच्या ग्रुपवर जाणार नाही. आला तर आम्ही तो आपल्या गुरुबंधूंपैकी जे डॉक्टर आणि वैद्य आहेत त्यांना दाखवू. त्यांनी नाही म्हटले की तिथेच पुसू. तुमच्यापैकी कुणी मागच्या वर्षी तो काढ्याचा संदेश पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवला त्यांना फोन करा. संदेश नको, फोन करा. गोळ्या चालू आहेत ना, विचारा. आम्ही गेल्या महिन्यात यादी काढून असे सदतीस फोन केले. दोघांच्या गोळ्या बंद होत्या.

सप्ताहाला बसणाऱ्यांनी नाव कळवताना शुगर, बीपी, मूत्रपिंड, हृदय यांपैकी काही असल्यास तेही कळवावे, आणि आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटून वाचनाच्या दिवसांतल्या गोळ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. सलग बसू नका, मध्ये उठलात तर चालेल. पथ्याचा डबा केंद्रातून हवा असेल त्यांनी आदल्या रात्री आठपर्यंत सांगावे: एक भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, ताक.

काका यंदा पुन्हा बसणार आहेत, डॉक्टरांची परवानगी घेऊन आणि मीटर चौरंगाशेजारी ठेवून. त्यांच्या पोथीत मागच्या वर्षीची खूण अजून सहाव्या दिवसाच्या पानात आहे, काकूंनी ती काढलेली नाही. पहिल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. पेढे आणू नयेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏